टेबल पूर्ण आपलं होईपर्यंत

माझी मावशी चोराला भीत नाही, आजाराला भीत नाही, सासूला तर ती कधीच भ्यायली नाही. ती भिते फक्त डागाला. यात तिचा काही दोष नाही. मोठ्या लाँड्रीत जन्म घालवलेल्या बाईला जग दिसतं ते असंच. हॉटेलांच्या आणि खानावळींच्या टेबलांवरची कापडं गाठोडी बांधून आमच्याकडे येतात. कोण काय जेवलं, कोणी काय सांडलं, कोणी कुठे हात पुसला, सगळं त्यांच्यावर दिसतं. मावशी कापड उजेडाला धरते आणि म्हणते, "यांच्या बापाचं काय जातं?"

आमच्याकडे म्हणते, कारण मीही तिथेच आहे. शाळेत माझं डोकं चालेना तेव्हा तिनेच मला तिथे चिकटवलं. आम्ही दोघी घडीवर असतो. मोठ्या कापडाची घडी एकटीला घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, ताणायचं, झटकायचं, मग चालत जवळ यायचं, आपले कोपरे समोरचीच्या हातात द्यायचे, वाकून मधली घडी उचलायची आणि पुन्हा लांब जायचं. यंत्रांचा आवाज एवढा की लांबून हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून आमचं बोलणं जवळ आल्यावर. जवळ आलो की एक वाक्य, लांब गेलो की गप्प. मावशीचा सगळा संसार मला असा तुकड्यातुकड्यांनी कळलेला आहे.

"टेबल घ्यायचंय," एकदा जवळ येऊन ती म्हणाली.

मी लांब गेले, जवळ आले. "कसलं?"

"जेवायचं."

पुन्हा लांब, पुन्हा जवळ. "सहा खुर्च्यांचं," ती म्हणाली, आणि तिने कापड असं झटकलं की माझ्या हातातले कोपरे सुटले.

सहा खुर्च्या का, तर घरात माणसं सहा. मावशी, काका, काकांची आई म्हणजे आजी, आणि तीन पोरं. थोरलीला मी ताई म्हणते. मधला उंच्या, कारण तो दारातून वाकूनच आत येतो. धाकटी चिमणी, कारण तिचं तोंड बंद नसतं. घर दोन खोल्यांचं. काका बसचे कंडक्टर. दिवसभर लोकांना 'पुढे सरका, बसून घ्या' म्हणायचं आणि स्वतः दांडा धरून उभं राहायचं. नवरा उभा, बायको उभी, असा तो संसार होता. जेवण म्हणजे जो येईल त्याने आपलं ताट वाढून घ्यावं आणि जागा सापडेल तिथे बसावं. कोणी पलंगावर, कोणी उंबऱ्यात, उंच्या तर खिडकीत. एकाचं आटपायचं तेव्हा दुसरा हात धुवायचा. मावशी ओट्याशी उभी राहून वाढायची आणि वाढता वाढताच दोन घास तोंडात टाकायची. बसून जेवताना मी तिला पाहिलेलंच नव्हतं.

"मला फार काही नको," ती म्हणायची. "एकदा सगळ्यांनी एका वेळी बसायचं. भांडी मध्ये ठेवायची. कोणी कोणाला वाढायला उठायचं नाही. मी पण बसणार. बस, एवढंच."

एवढंच म्हणताना तिचा आवाज असा व्हायचा की तिची चेष्टा करावीशी वाटायची नाही, आणि मी चेष्टा करायची सहसा सोडत नाही.

काकांनी मात्र सोडली नाही. "टेबल आत आलं तर एक माणूस बाहेर ठेवावा लागेल," ते म्हणाले. "कोणाला ठेवू, बोल."

"मला नका ठेवू, मला सर्दी आहे," आजी पलंगावरून म्हणाली.

पण मावशीने मनात घेतलं होतं, आणि हौसेला मोल नसतं. रोख पैसे देऊन टेबल घेण्याची ऐपत त्यांची नव्हतीच. म्हणून ती सवडशेठकडे गेली.

सवडशेठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या फर्निचरच्या दुकानावर मोठ्या अक्षरांत 'आज निवडा, सवडीने द्या' असं लिहिलं होतं, म्हणून सगळे त्यांना तसं म्हणायचे. त्यांची एक पद्धत होती. वस्तू निवडली, पहिला हप्ता भरला, की त्यांचा पॉलिशवाला वस्तूच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाने तुमचा नंबर घालायचा. तेव्हापासून ती दुसऱ्या कोणाला विकायची नाही. पण अर्धे हप्ते फिटेपर्यंत ती दुकानातच राहायची. "वस्तू तुमचीच आहे," सवडशेठ सांगायचे, "फक्त मुक्कामाला माझ्याकडे आहे. कधीही या, बघून जा."

लोक खरंच यायचे. आजारी नातेवाइकाला भेटायला यावं तशी माणसं सुट्टीच्या दिवशी आपापल्या वस्तूंना भेटायला यायची. एक म्हातारं जोडपं आपल्या सोफ्यावर तासभर बसायचं आणि एक अक्षर न बोलता उठून जायचं. एक शिपाई आपल्या कपाटाचं दार उघडून आत डोकं घालायचा, नव्या लाकडाचा वास घ्यायचा आणि दार हळूच लावून टाकायचा. एका बाईने पलंगावर आडवं होऊन पाहिलं आणि तिला झोपच लागली. सवडशेठनी तिला उठवलं नाही. उलट बाकीच्या गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं.

मावशीही दर हप्त्याला जायची, बहुतेक वेळा मला घेऊन. टेबल काळपट लाल लाकडाचं होतं. वर इतकं चकचकीत पॉलिश की छतावरचा पंखा त्यात फिरताना दिसायचा. मावशी पदराने त्यावरची धूळ पुसायची. त्यावर हात फिरवायची. खुर्ची मात्र ती कधी ओढायची नाही.

"बस की," मी म्हणायचे.

"सगळे असतील तेव्हा," ती म्हणायची.

मग एकदा आजीने हट्ट धरला. ज्याच्यापायी आपलं दूध अर्धं झालं ते टेबल तरी कसलं आहे, ते मला दाखवा म्हणाली. सुट्टी होती, काकांचीही कशी कोण जाणे त्याच दिवशी आली. सगळी वरात निघाली. आजीला डॉक्टरांकडेही न्यायचं होतं, दिवस जाणार म्हणून मावशीने डबे भरून घेतले होते. दुकानात पोचलो तेव्हा सवडशेठ काउंटरमागे आपला डबा खात होते.

"सगळं घर आलं वाटतं," ते म्हणाले. "मग बसा की. जेवायची वेळ आहे, डबेही दिसतायत. टेबल तुमचंच आहे."

"छे, छे," मावशी म्हणाली. "दुकानात कसलं जेवायचं."

पण आजी तोवर बसली होती. एकदा बसलेली आजी उठवणं हे डॉक्टरांनाही जमायचं नाही. मग काका बसले, एका टोकाला, साहेब बसतात तसे पाठ टेकून. उंच्याने पाय लांब केले तर ते पार पलीकडे ताईच्या पायांना लागले, ताई ओरडली, चिमणी हसली. मी तिथल्याच एका खोक्यावर बसले, कारण सहात मी मोजलेली नव्हते आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. डबे उघडले, झाकणांत वाढून घेतलं. उंच्याने कंडक्टरच्या आवाजात "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत भाताचा डबा पुढे ढकलला, तेव्हा काकाही हसले. आजी म्हणाली, "दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत," आणि सगळ्यांत जास्त जेवली.

मावशी बसली नाही. सहाव्या खुर्चीवर तिची पिशवी होती. तिच्या हातात फडकं होतं आणि ती टेबलाभोवती फिरत होती. "डब्याखाली कागद घे. अगं, थेंब पडला. कोपर उचल. उंच्या, पाणी तिकडे ठेव, पाण्याचं वर्तुळ उठतं." सवडशेठ दोनदा म्हणाले, बाई, बसा तुम्ही पण. "घरी आलं की बसायचंच आहे," मावशी म्हणाली. "इथे काय, हे अजून दुकानात आहे."

परत निघालो तेव्हा टेबलावर काही सांडलेलं नव्हतं. मावशी खूश होती.

अर्धे हप्ते फिटायला आले होते. त्या वेळी ती आणि मी दुकानात गेलो तर दाराशी हातगाडी उभी. एक कपाट परत आलं होतं. घरी नेलेली वस्तू, पुढचे हप्ते थकले की सवडशेठची माणसं जाऊन उचलून आणायची, हाही पद्धतीचाच भाग होता. त्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, मूल कसं वाढत गेलं त्याच्या. खाली एक फुलाचं चित्र चिकटवलेलं. पॉलिशवाला ते पाण्याने भिजवून खरवडत होता आणि दोन-चार माणसं उभी राहून बघत होती. मावशीनेही पाहिलं.

टेबल घरी आलं त्या दिवशी चाळीस वेळा दार मोजून झालं होतं, तरी ते दारात अडकलंच. पाय काढून आत घेतलं. पलंग भिंतीला गेला, शिवणयंत्र गॅलरीत गेलं, काका म्हणाले आता मी पण गॅलरीतच बरा. सगळे हात धुऊन तयार होते. ताईने सहा ताटं काढली. तेवढ्यात मावशीने पिशवीतून जाड प्लास्टिक काढलं, टेबलावर पसरलं, खालून पायांना दोरीने बांधलं, आणि वर कडेने चिकटपट्टी लावली.

"हे काय?" चिमणी म्हणाली.

"पूर्ण आपलं होईपर्यंत याच्यावर जेवायचं नाही," मावशी म्हणाली. "उद्या कमी-जास्त झालं, न्यायला आले, तर आपलं खरकटं लोकांनी बघायचं? एकही डाग पडता कामा नये. शेवटचा हप्ता जाऊ दे. मग बसू."

"अगं, प्लास्टिकवर तर जेवू," ताई म्हणाली.

"प्लास्टिकखाली तेल जातं. मी रोज बघते तेल कुठे कुठे जातं ते."

डागांच्या बाबतीत तिच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. सहाही जणांनी ताटं उचलली आणि पलंग, उंबरा, खिडकी अशा आपापल्या जागा गाठल्या. फक्त आता मध्ये टेबल होतं, त्यामुळे एकमेकांची तोंडंही दिसत नव्हती. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात, तसं ते टेबल. त्यावर काही ठेवायचं नाही. उंच्याने एकदा हेल्मेट ठेवलं तर मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. खुर्च्या बूट घालायला तेवढ्या चालायच्या. कोणी भरलेलं ताट घेऊन जवळून गेलं तरी दुसरं कोणीतरी म्हणायचं, "सांडेल." पुढे पुढे मावशीला हे म्हणावंही लागत नसे. घरच एकमेकांना म्हणायचं.

हप्ते चालू होते, पण ठरल्यासारखे नाही. काकांचा पाय मोडला, त्यात काही गेले. सवडशेठनी थांबतो म्हटलं. ताईचं लग्न ठरलं, त्यात आणखी गेले. सवडशेठ पुन्हा थांबले. मावशी मला जवळ येऊन सांगायची, थोडेच राहिलेत गं. मी लांब जायचे आणि विचार करायचे, कसले थोडे.

ताई जायच्या आदल्या दिवशी मी तिथेच होते. ताई बॅग भरता भरता थांबली. "आई," ती म्हणाली, "आज सगळे आहोत. काढ ना ते प्लास्टिक. एकदा बसू."

मावशी टेबलाजवळ गेली. चिकटपट्टीच्या टोकाला तिने नख लावलं, हे मी पाहिलं. मग तिने ते टोक पुन्हा दाबून बसवलं. "पुढच्या वेळी येशील तेव्हा आपलं झालेलं असेल," ती म्हणाली. "तेव्हा कसं, निवांत बसू."

ताई पुन्हा बॅग भरू लागली. ती ज्या गावाला गेली तिथून यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात.

मग आजी गेली. शेवटी शेवटी तिला टेबलाशीच खुर्चीवर बसवायचे, तिथून खिडकी दिसायची म्हणून. ती प्लास्टिकवर बोटांनी टकटक करत बसायची. मग उंच्याला बोटीवर नोकरी लागली. तो वर्षातून एकदा येतो आणि आला की अजूनही दारातून वाकून येतो. चिमणी नर्सिंग शिकायला गेली, वसतिगृहात राहते, तिकडे तिचं तोंड कोण ऐकून घेतं देव जाणे. घर मोठं झालं. टेबल आता मध्ये येत नव्हतं. त्याच्या चारी बाजूंनी ऐसपैस फिरता येत होतं.

शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात गेला. सवडशेठ आता थकलेत, दुकान त्यांची सून बघते, पण पद्धत तीच. पॉलिशवाला घरी आला, टेबलाखाली उताणा झोपला आणि कानशीने नंबर घासून काढू लागला. मावशी वाकून बघत होती. पांढरी भुकटी त्याच्या मिशांवर पडत होती. "झालं," तो आतूनच म्हणाला. "आता तुमचं."

तो गेल्यावर तिने प्लास्टिक काढलं. चिकटपट्टी इतकी मुरली होती की कातरीने कापावी लागली, आणि प्लास्टिक पिवळं पडून कडक झालं होतं. खालचं टेबल मात्र जसंच्या तसं. दुकानात होतं तसंच लाल, तसंच चकचकीत. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. ओरखडा नाही, वर्तुळ नाही, तेलाचा थेंब नाही. त्या घरात इतकी माणसं नांदली आणि टेबलावर एकाचीही खूण नव्हती. मला ते कपाट आठवलं. तिलाही आठवलं असणार, कारण ती एकदम म्हणाली, "त्या कपाटावर निदान रेघा तरी होत्या."

तिने सगळ्यांना फोन केले. ताईच्या मुलाची परीक्षा होती. उंच्याचा फोन लागला नाही. चिमणीला रजा नव्हती, पण ती पुढच्या सुट्टीत नक्की येते म्हणाली. मावशी सगळ्यांना म्हणाली, हो, हो, घाई नाही, टेबल कुठे पळून जातंय.

फोन ठेवून तिने मला विचारलं, "त्या दिवशी दुकानात कोण कुठे बसलं होतं गं?"

मी तिला दाखवलं. या टोकाला काका. खिडकीच्या बाजूला आजी. तिच्याशेजारी चिमणी. समोर उंच्या, आणि त्याचे पाय लागत होते ती ताई. मी एकेका खुर्चीवर हात ठेवत गेले आणि मावशी मान हलवत गेली.

"आणि इथे?" तिने सहाव्या खुर्चीकडे बघून विचारलं.

"तुझी पिशवी होती."

"मी?"

"तू उभी होतीस. फडकं घेऊन."

तिने त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "सगळे होते ना गं त्या दिवशी. सासूबाईसुद्धा. मला वाटलं, ही काही खरी वेळ नाही. खरी पुढे आहे." तिने डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढलं. "मला त्यांची फार आठवण येते. सगळ्यांची. रोज येते. बसायला हवं होतं मी."

आमची बोलायची सवय घडीवरची, एक वाक्य झालं की लांब जायची. इथे लांब जायला जागा नव्हती. मी तिचा हात धरला. त्याला लाँड्रीतल्या साबणाचा वास होता, माझ्या हाताला असतो तोच.

"चल," ती म्हणाली. "तू तरी बस. आज खोकं नाही, खुर्ची घे."

तिने भांडी मध्ये ठेवली. ताटांखाली कागद घातले नाहीत. सहाव्या खुर्चीवर आजही तिची पिशवी होती. ती उचलून तिने खाली ठेवली आणि बसली. पाठ टेकायला तिला जमत नव्हतं, ती कडेला बसली होती, जसं काही कोणी आत्ता हाक मारणार आहे. तेवढ्यात काका ड्यूटीवरून आले. ते अजून जरा लंगडतात. त्यांनी हात धुतले, टेबलाजवळ आले, भात-भाजी वाढून घेतली आणि ताट घेऊन नेहमीसारखे पलंगाकडे निघाले.

"अहो, इकडे बसा ना," मावशी म्हणाली. "आजपासून आपलं झालंय."

काका थांबले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. इतकी वर्षं ऐकलेलं त्यांच्या तोंडून आपोआप आलं, त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "नको गं," ते म्हणाले. "सांडेल."

आणि ते पलंगावर बसून जेवू लागले.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने आपलं ताट उचललं, दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या घेतला आणि त्यांच्या शेजारी पलंगावर जाऊन बसली. काकांनी सरकून जागा दिली. मी टेबलाशी एकटीच राहिले, माझ्या पुढ्यात पाच रिकाम्या खुर्च्या.